लग्नाचा ड्रेस घरी शिवणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,

तुमच्या लग्न विशेष पुरवणीतले ड्रेसचे फोटो छान होते, पण एकाही फोटोखाली कापड कुठलं ते दिलेलं नाही. गळा, बाह्या, घेर हे फोटोत दिसतंच, घरी शिवणाऱ्याला हवं असतं ते कापड आणि अस्तर, तर पुढच्या वेळी ती एक ओळ नक्की छापा ही विनंती.

सगळ्यात जास्त गोंधळ सॅटिनचा होतो, बऱ्याच जणींना वाटतं सॅटिन म्हणजे रेशीमच. खरं तर सॅटिन ही विणायची पद्धत आहे, ते रेशमाचंही असतं आणि पॉलिएस्टरचंही, आणि दिवसभर अंगावर घातलं की दोघांतला फरक लगेच कळतो कारण पॉलिएस्टर घाम शोषत नाही. विकणारा प्युअर म्हणाला तरी कडेचे थोडे धागे मागून घ्या आणि चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरली जाते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

पण माझ्या मते धाग्यापेक्षाही आधी बघायचं ते कापड पडतं कसं. थानातून मीटरभर सोडवून एका टोकाला धरून लोंबू द्या. ऑर्गन्झा, टॅफेटा अंगापासून लांब उभं राहतं, फुगीर घेराला तेच हवं, आणि क्रेप, जॉर्जेट, शिफॉन खाली सरळ उतरतं. टॅफेटाला कितीही उरेब, म्हणजे तिरकं कापलं तरी ते क्रेपसारखं पडणार नाही, कटिंगने कापडाचा स्वभाव बदलत नाही हो! पहिल्यांदाच शिवत असाल तर मध्यम वजनाचं क्रेप घ्या असं मी आग्रहाने सांगेन, शिफॉन कापताना सारखं सरकतं आणि सॅटिनवर टाचणीचं भोकसुद्धा राहतं, म्हणून टाचण्या शिलाईच्या मार्जिनमध्येच लावायच्या आणि मशीनला बारीक नवी सुई घालायची.

पांढरा रंग घ्यायचा असेल तर दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच वाटतात आणि बाहेर आलं की लेस पिवळट आणि कापड निळसर. कापड, अस्तर, लेस तिन्ही शेजारी ठेवूनच ठरवा, आणि लागेल तेवढं एकाच थानातून एकदम घ्या, नंतर आणलेल्यात शेड बदलू शकते. किती लागेल ते पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी बघून ठरवा, 44 इंचात आणि 60 इंचात खूप फरक पडतो, आणि चमकदार कापडाचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात नाहीतर उजेडात वेगवेगळे दिसतात, त्यामुळे थोडं जास्तच धरा.

एक छोटा तुकडा आधी विकत आणून त्यावर इस्त्री, वाफ, पाण्याचा थेंब सगळं करून बघा, रेशमावर पाण्याचा डाग राहू शकतो. आणि फिटिंग मांजरपाटावर, म्हणजे साध्या सुती कापडावर करून घ्या, महागाच्या कापडाला कात्री त्यानंतरच. उरेब घेर असेल तर शिवून झाल्यावर एक दिवस टांगून ठेवा, तो खाली ओघळतो, खालची पट्टी त्यानंतर दुमडा.

आपली,
घरी शिवणकाम करणारी एक वाचक