माझ्याच फाइली सोडवायला वार्षिक वर्गणी कशाची?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 2012 साली आजीवन परवान्यासह घेतलेल्या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमध्ये बांधलेल्या फाइली उघडत नसल्याबाबत

महोदय,

सांगलीत आमचा छापखाना आहे. वडील ट्रेडलवर छापायचे, मी ऑफसेटवर. 2012 च्या सुरुवातीला मी तुमचं सॉफ्टवेअर 2,950 रुपयांना घेतलं. तेव्हा थायलंडमधल्या पुरामुळे हार्ड डिस्कचे भाव चढले होते आणि 'निम्म्या जागेत दुप्पट काम' ही तुमची जाहिरात मला पटली होती. खोक्यावर 'आजीवन परवाना' असं छापलंय. ते खोकं आणि पावती दोन्ही मी जपून ठेवली आहेत.

पुढे सहा-सात वर्षं प्रत्येक मोठं काम संपलं की मी ते तुमच्या फॉरमॅटमध्ये, दाबून एका लहान फाइलीत, बांधून ठेवत गेलो. अशा 61 फाइली झाल्या. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी दुकानात छातीपर्यंत आलं आणि जुना कॉम्प्युटर गेला. बॅकअपची डिस्क माळ्यावर होती म्हणून वाचली. तेवढ्यावर मी निश्चिंत होतो.

यंदा एका वाचनालयाचं काम आलं. 2013 मध्ये त्यांची स्मरणिका आम्हीच छापली होती. तेव्हा त्यांचे 140 जुने फोटो आम्ही टिफ या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये स्कॅन केले होते. मूळ फोटो त्यांच्या कपाटात होते, पुरात त्यांचा लगदा झाला. म्हणजे ते फोटो आता जगात एकाच ठिकाणी आहेत : माझ्या डिस्कवरच्या, तुमच्या फॉरमॅटमधल्या एका फाइलीत.

नव्या कॉम्प्युटरवर तुमचं सॉफ्टवेअर टाकून परवान्याचा क्रमांक भरला. 'या आवृत्तीची नोंदणी सेवा बंद करण्यात आली आहे' एवढंच उत्तर आलं. त्यानंतर तुमच्याकडून तीन मेल आले, आणि माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल आहे.

पहिला मेल म्हणतो, फाइल खराब झाली असावी. साहेब, ती खराब नाही. तुमचीच नवी ट्रायल आवृत्ती उतरवून मी त्यात 'तपासा' हे बटण दाबलं. बांधताना प्रत्येक फाइलीचा एक तपासणी-आकडा आत लिहून ठेवलेला असतो. तो पुन्हा काढून जुळवायचा, एक बाइट जरी बदलला असेल तर जुळत नाही. इथे त्या एका फाइलीत बांधलेल्या, फोटो धरून 214 फाइलींपैकी 214 जुळल्या. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर माझे फोटो आतल्या आत पूर्ण सोडवून बघतं, ठीक आहेत असं सांगतं आणि पुन्हा झाकण लावतं! ट्रायलमध्ये 1 एमबीच्या आतल्या फाइली बाहेर काढता येतात, म्हणून मी एक काढूनही पाहिली. अध्यक्षांचं मनोगत जसंच्या तसं मिळालं. फोटो मात्र सगळे 1 एमबीच्या वर. (देवनागरीत दिलेली फाइलींची नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन दिसतात, पण त्यावर आत्ता भांडत नाही.)

दुसऱ्या मेलमध्ये 4,800 रुपयांची वार्षिक योजना घ्यायला सांगितलंय. नवीन काही बांधायचं असतं तर विचार केला असता. मला फक्त जुनं सोडवायचं आहे, आणि त्याचे पैसे मी 2012 सालीच दिले आहेत.

तिसरा मेल मात्र जिव्हारी लागला. माझ्या भाच्याने फाइलीच्या नावाचं शेपूट (टिंबानंतरची अक्षरं) बदलून झिप करून पाहिलं (पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं), मग हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. झिप फाइल बहुतेक वेळा 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते, ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. रार या तशाच दुसऱ्या फॉरमॅटच्या फाइलीच्या सुरुवातीला 'रार' आणि उद्गारचिन्ह असतं. तुमच्या फाइलीवर तुमचा स्वतःचा शिक्का निघाला. पुढची रचना त्याला उमगेना, म्हणून त्याने तुम्हाला साधा प्रश्न विचारला, तर तुम्ही 'रिव्हर्स इंजिनीअरिंग (तयार वस्तू उकलून तिची रचना शोधणं) हा गुन्हा आहे' असं कळवलंत. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 52 एकदा तुमच्या वकिलांना वाचायला द्या. सॉफ्टवेअर कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला दुसऱ्या प्रोग्रॅमशी मेळ घालण्यासाठी लागणारी आणि एरवी सहज न मिळणारी माहिती काढून घेण्याची मुभा त्यात आहे.

धंद्याचं गुपित राखायला माझी हरकत नाही. झिपची रचना 1989 पासून जाहीर आहे, तेवढं औदार्य मी मागत नाही. रारचं उदाहरण घ्या. बांधण्याची रीत त्यांनी स्वतःकडेच ठेवली, पण सोडवण्याचा 'अनरार' कोड सगळ्यांना फुकट दिला. अट एकच, तो वापरून रार बांधणारं सॉफ्टवेअर करायचं नाही. त्यामुळे रार फाइल आज कुठेही उघडते. उलट टोकाला एस (ACE) हा फाइली बांधण्याचा जुना फॉरमॅट. तो उघडणाऱ्या जुन्या डीएलएलमध्ये (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोडचा तुकडा) 2019 मध्ये मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली. मूळ कोड हाताशी नाही, मग दुरुस्त कोण करणार? रारवाल्यांच्याच विनरार या सॉफ्टवेअरने एसला आधार देणंच बंद केलं. उद्या तुमची कंपनी बंद पडली तर माझ्या 61 फाइलींचं तेच होईल.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, अजून केसमध्ये (त्यांच्या खणांच्या पेटीत) आहेत. जुळवले तर आजही छापून निघतील. 2013 ची फाइल 2013 ची असून उघडत नाही.

मला पैसे परत नकोत. नोंदणी न मागता फक्त फाइली सोडवणारा एक छोटा प्रोग्रॅम द्या, किंवा फॉरमॅटची रचना लिहून द्या, आम्ही आमचं बघू. तेही जमत नसेल तर निदान माझा जुना क्रमांक पुन्हा चालू करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगात जाईन. त्या कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा तुमच्या वकिलांना सांगलीला यावं लागेल.

वाचनालयाच्या पुस्तिकेच्या प्लेटा या महिनाअखेरीस करायच्या आहेत. तोवर त्या पानांवर मी रिकाम्या चौकटी सोडल्या आहेत.

आपला ग्राहक,
छापखान्याचा मालक, सांगली

सोबत : पावतीची व खोक्याची छायाप्रत, तिन्ही मेल, 'तपासा'च्या निकालाचा स्क्रीनशॉट.