कॅनॉलला एकटी जाऊ नकोस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गौरींना निरोप द्यायच्या आतच तू सकाळच्या एस.टी.ने निघून गेलीस. पोळ्यांचा डबा ओट्यावरच राहिला. तासाभराने मामाही गेला, तोंडात घास न घालता. दोन दिवस झाले, घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. त्या दिवशीच्या भांडणाबद्दलच लिहायचं, दुसरं काही काढायचं नाही, असं ठरवलंय. पण आधी एवढंच सांग, सकाळी कॅनॉलच्या रस्त्याने अजून एकटीच फिरायला जातेस का?

साप चावलेल्या पोरावरून तू भगताविरुद्ध पोलिसांत जबाब दिलास, त्यावरूनच सगळं निघालं. मामा म्हणाला, भगताने आजवर किती जणांचं विष उतरवलंय. तू म्हणालीस, चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, त्यांना काही न करताही माणूस जगतो, आणि नाव भगताचं होतं. इथवर ठीक होतं. मग त्याने विचारलं, "तुला कुणी नेमलंय गाव सुधारायला?" तू म्हणालीस, सरकारने, त्याचाच पगार घेते. वर राज्यघटनेतलं 51-क काढलंस, 1976 साली घातलेलं, विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य. आणि शेवटी, हातात आरतीचं ताट असताना, "मी देव मानत नाही."

मला लागलं, ताई. तू देव मानत नाहीस हे मला मिरजेच्या मेडिकलच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. सुट्टीत यायचीस तेव्हा हात जोडायचीस ते माझ्यासाठी, हेही कळत होतं. पण मोठ्या माणसाला भरल्या पानावर असं तोडून बोलू नये. मामा वाईट नाही. बारावीनंतर तू एक वर्ष घरी बसलीस तेव्हा क्लासची फी त्यानेच भरली. सत्य असलं म्हणून ते कुठेही, कसंही फेकायचं नसतं. आधी माणसाचं ऐकून घ्यावं, त्याला दोन घास खाऊ द्यावेत, मग... राहू दे. मी पुन्हा शिकवायला लागले. तू रोज शंभर पेशंट तपासतेस, माणसाशी कसं बोलावं हे तुला कळतं. माफ कर.

खरं सांगायचं ते भाऊकाकाचं आहे. तुला अर्धंच माहीत आहे. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. श्रावणात तो वस्तीवर जमिनीवरच झोपला होता. पहाटे उठला तो पोटात दुखतंय म्हणून. सूज नाही, रक्त नाही. कानामागे दोन बारीक टिपके दिसले, तेही उजाडल्यावर. बैलगाडीत घालून देवळात नेला. लिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला तर विष नाही म्हणायचे. तो म्हणाला कडू लागतोय, आणि सगळे हसले, मीही हसले. मग त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. "वहिनी, झोप येतीय," म्हणाला. भगत म्हणाला, विष उतरतंय, झोपू द्या. सिव्हिल हॉस्पिटल अठरा किलोमीटरवर होतं. दुपारी त्याचा श्वास थांबला.

तिसऱ्या वर्षाला असताना तू एकदा स्वयंपाकघरात मला सांगितलंस की मण्यारीचं असंच असतं. ती रात्री, झोपलेल्या माणसाला चावते, फार दुखत नाही, आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारांवर एकच लस चालते आणि ती वेळेत मिळाली, श्वासाला मशीन मिळालं, तर माणूस वाचतो. तू सहज सांगत होतीस. मी भाजी चिरत होते. त्या दिवशी तुला ओरडले होते ना, मीठ का सांडलं म्हणून? ते मिठासाठी नव्हतं. तो लिंबाचा पाला मीच तोडून आणला होता.

म्हणून साप चावलेल्या त्या पोराच्या दारातून 108 ची गाडी भगताने परत पाठवली, आणि तू स्वतः जाऊन पोराला उचलून आणलंस, जबाब दिलास, हे बाबांनी सांगितलं तेव्हा मी देवापुढे बसून रडले. अभिमानाने. पोरगं आता शाळेत जातंय म्हणे. तू ठेवून गेलेलं जादूटोणाविरोधी कायद्याचं पुस्तक वाचलं. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवलं तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि 5,000 ते 50,000 दंड. शेवटी भजन, कीर्तन, यात्रा यांना हा कायदा लागू नाही असंही लिहिलंय. माझ्या वारीला कुणी हात लावलेला नाही. गाडगेबाबांनी कीर्तनात याहून कडक सुनावलं होतं. माझ्या वडिलांनी ते ऐकून घरचा बोकडाचा बळी कायमचा बंद केला.

पण हा कायदा कसा आला तेही माझ्या डोळ्यांपुढे आहे. 20 ऑगस्ट 2013, मंगळवार. तू नववीत होतीस. अंधश्रद्धा निर्मूलनाचे डॉक्टर दाभोलकर पुण्यात पुलावर सकाळी फिरायला निघाले होते, तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षं अडकलेल्या कायद्याचा वटहुकूम चार दिवसांत निघाला. त्यांना साताऱ्याला आणलं तेव्हा तू बाबांबरोबर गेली होतीस. रात्री येऊन म्हणालीस, "ते तर फक्त फिरायला गेले होते ना?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला कॉम्रेड पानसरेंना मारलं, तेही सकाळी फिरूनच परत येत होते. त्याच वर्षी धारवाडला प्राध्यापक कलबुर्गींना, घराच्या दारात. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल 10 मे 2024 ला लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

कुणाला तरी सोबत घेऊन जा, असं लिहिणार होते. मग आठवलं, पानसरेंबरोबर त्यांची पत्नी होती. दोघांनाही गोळ्या लागल्या. मग मी काय सांगू तुला? वेळ बदल, रस्ता बदल, क्वार्टरच्या अंगणातच चाल. तू म्हणशील, एका भगतासाठी एवढं भ्यायचं? तो भगत काही करणार नाही हे मलाही कळतं. पण त्याच्यामागे कोण आहे, गावात कोण काय बोलतंय, हे ना तुला माहीत ना मला. सहा वाजले की मी उठून फोनजवळ बसते. सातला तुझा मेसेज आला की चहा ठेवते.

जबाब मागे घे, असं तुला लिहायला मामाने मला सांगितलंय. ते मी लिहिणार नाही. त्यालाही तसं कळवलंय. तू त्याला एक फोन कर, माफी मागायला नको, नुसती चौकशी कर, त्याची शुगर वाढलीय.

अनंत चतुर्दशी झाली की मी येते. बाबांचं धाकटा बघेल. महिनाभर राहीन. वारीत लोणंद ते तरडगाव दर वर्षी चालते मी, तुझा कॅनॉल मला काही जड नाही. गळ्यात माळ घातलेली बाई शेजारून चालली तर चालेल ना तुला? तोपर्यंत सकाळी बाहेर पडू नकोस. पोळ्या आज एस.टी.च्या पार्सलने टाकल्यात, स्टँडवरून घेऊन ये. कंपाउंडरला पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
आई