कातानियाहून बाबांना: लाल संत्र्यांविषयी

कातानिया, सिसिली
८ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या लाल संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमासाठीचा अंकुर, आणून आपल्या जालन्याच्या बागेतल्या झाडांवर भरता येईल का, असे तुम्ही फोनवर विचारले होते. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे फळ नागपुरी संत्र्यापेक्षा आपल्या मोसंबीच्या अधिक जवळचे आहे. दोन्ही गोड संत्र्याच्या एकाच वनस्पतिजातीत मोडतात. गरातली लाली मात्र अँथोसायनिनची, म्हणजे जांभळात आणि कोकमात असते त्याच गटातल्या रंगद्रव्याची आहे. ती गरात केव्हा येते, हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की या झाडांत ‘रुबी’ नावाच्या जनुकाशेजारी जनुकद्रव्याचा एक फिरता तुकडा येऊन बसला आहे आणि थंडी पडली की त्याच्यामुळे ते जनुक जागे होते. एटना ज्वालामुखीच्या परिसरात हिवाळ्यात दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक गारठा असतो, म्हणून इथल्या फळाला असा रंग चढतो. तोडणीनंतर शीतगृहात ठेवलेल्या फळाचा रंगसुद्धा हळूहळू गडद होत जातो.

मुख्य वाण तीन आहेत. मोरो सर्वांत गडद असतो. काल एक आडवा कापला, तर गर जवळजवळ काळपट जांभळा निघाला आणि सुरीच्या पात्यावर रसाचा डाग राहिला. त्याच्या चवीत रासबेरीची झाक आणि शेवटी किंचित कडवटपणा असतो. तारोक्को मात्र मला मनापासून आवडतो. त्याच्या केशरी सालीवर एका अंगाला लाल छटा असते, आत कधी लाल रेघा, तर कधी नुसता केशरी गर असतो; पण गोडी आणि आंबटपणा यांचा असा मेळ बाकी दोघांत नाही, शिवाय बिया जवळपास नसतातच. त्यामुळे जितके लाल तितके गोड, हा समज खरा नव्हे. तिसरा सांग्विनेल्लो उशिरा येतो आणि बहुतेक रसासाठी जातो. या तिन्ही वाणांच्या ‘सिसिलीचे लाल संत्रे’ या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. इथे त्याच्या चकत्यांवर कच्ची बडीशेपेची गड्डी, कांदा, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालून कोशिंबीर करतात. आईला ती नक्की आवडेल.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. झाड आपल्याकडे जगेल, पण आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची, फळे खरी थंडी पडण्याआधीच उतरतात, त्यामुळे त्यांना रंग येण्याची आशा मला वाटत नाही. मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या, फळांना डिसेंबर-जानेवारीचा गारठा मिळतो. त्यांत थोडीफार लाली येईल, असा माझा अंदाज आहे. मात्र डोळकाडी, म्हणजे असे डोळे असलेली फांदी, सामानातून आणणे मला मुळीच योग्य वाटत नाही. इथल्या कडू संत्र्याच्या खुंटावर (मुळाकडच्या झाडावर) कलम केलेल्या बागांचे ट्रिस्टेझा विषाणूने फार नुकसान केले आहे, आणि असा रोग कलमाच्या काडीतून सहज पसरतो. प्रयोग करायचाच असेल, तर रीतसर परवाना आणि क्वारंटाइनची तपासणी यांतून आलेलीच कलमे घ्यावीत, आणि सुरुवातीला दोन-तीनच झाडे लावून त्यांना मृग बहार धरावा.

आईस नमस्कार, लहानग्यांस आशीर्वाद.

तुमची,
ताई