कॅमेऱ्याच्या ट्यूबचा दोष नव्हता

कॅनबेरा,
दि. २२ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चंद्रावरच्या पहिल्या पावलाचे चित्रण टीव्हीवर लागले की तुम्ही दर वेळी म्हणता, "त्या कॅमेऱ्याची ट्यूब वीक असणार." सांगलीच्या दुकानात हयातभर संच दुरुस्त केलेल्या माणसाचे निदान खोडून काढण्याचे धाडस मी आजवर केले नाही, पण रविवारी आम्ही इथल्या डोंगरातल्या हनीसकल क्रीकला, म्हणजे यानांचे संकेत टिपणाऱ्या नासाच्या जुन्या केंद्राच्या जागी, जाऊन आलो, आणि आता ते करावेच लागणार आहे. २१ जुलै १९६९ रोजी, आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आलेले असताना, ज्या २६ मीटर व्यासाच्या अँटेनाने ते पाऊल टिपले, ती तिथून केव्हाच हलवली. आज डोंगरातल्या त्या जागी काँक्रीटचा चौथरा आणि भोवती चरणारी कांगारू एवढेच आहे.

ट्यूब उत्तम होती, बाबा. वेस्टिंगहाउस कंपनीत स्टॅन लेबार यांच्या चमूने तयार केलेला तो कॅमेरा जेमतेम सव्वातीन किलोंचा होता आणि साडेसहा वॅटवर, म्हणजे आपल्या देवघरातल्या झिरोच्या बल्बाच्या निम्म्याहून कमी विजेवर चालत असे. त्याची ट्यूब, म्हणजे दृश्य टिपणारी नळी, मुळात लष्करासाठी, काळोखात पाहता यावे म्हणून घडवलेली. त्यामुळे यानाच्या गडद सावलीतली शिडीसुद्धा तिला दिसली. अडचण निराळीच होती. अंतराळवीरांचे बोलणे, त्यांच्या हृदयाचे ठोके आणि यंत्रांची मोजमापे हे सारे एकाच रेडिओ-दुव्यावरून पाठवायचे असल्याने चित्राच्या वाट्याला सुमारे ५०० किलोहर्ट्झ एवढाच वारंवारता-पट्टा आला, आणि नेहमीच्या प्रक्षेपणाला तर ४ मेगाहर्ट्झहून अधिक लागतो. म्हणून सेकंदाला १० चित्रे आणि प्रत्येकात ३२० रेषा, एवढ्यावर भागवले गेले.

असले चित्र घरोघरच्या संचांवर दिसणार कसे? त्यावर काढलेली तोड वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल. केंद्रातल्या १० इंची मॉनिटरवर ते चित्र उमटवायचे, त्याच्यासमोर दुसरा कॅमेरा रोखून त्याचे पुन्हा चित्रण करायचे आणि तेच जगाला दाखवायचे. या खटाटोपात काळे अधिक काळे झाले, पांढरे फटफटीत झाले, आणि पुढे ह्यूस्टनपर्यंतच्या प्रवासात उरलीसुरली धारही गेली. तुम्हाला दिसलेला दोष खराच होता. तो चंद्रावर नव्हे, पृथ्वीवर शिरला, एवढेच.

आरंभी चित्र उलटे आले, दुकानात योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्याच्या, तारा उलट जोडल्या गेल्या की येई अगदी तसे. त्यात मात्र कोणाची चूक नव्हती. कॅमेऱ्याचा फक्त माथाच सपाट असल्याने तो यानाच्या बाहेरच्या कप्प्यात डोक्यावर उभा करून बसवला होता, आणि चित्र सुलटे करण्याचे बटण केंद्रात आधीपासून तयार होते.

मूळ संकेत ज्या फितींवर नोंदवले होते, त्या पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाने २००९ मध्ये जाहीर केले. हे वाचून मला खरोखर राग आला. सुदैवाने मूळ मॉनिटरचे काही फोटो तेव्हा केंद्रांवर काढले गेले होते. त्यातल्या एकाची प्रत सोबत ठेवली आहे. भिंग घेऊन शिडीच्या डावीकडची सावली नीट पाहा आणि ट्यूबबद्दल काय वाटते ते फोनवर सांगा.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे.

तुमची,
मेधा