अटॅक्सियाच्या रुग्णाला दारुडा ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अटॅक्सिया जागृती दिन. अटॅक्सिया म्हणजे अंगात ताकद असूनही चालण्या-बोलण्यातला तोल आणि ताळमेळ जाणे. आमच्या घरात हा आजार दोन पिढ्या आहे, म्हणून हे पत्र.

माझे वडील माळकरी. आयुष्यात दारूला शिवले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर त्यांची चाल बिघडली. पाय फाकवून चालायचे, वळताना झोक जायचा, बोलणे जड आणि तुटक झाले. गावात कुजबुज सुरू झाली, की माळ घालून चोरून पितो. दिंडीतल्या नजरा सोसवेनात म्हणून त्यांनी वारी सोडली. आपल्याला काय झाले आहे, हे न कळताच ते गेले.

आजाराचे नाव कळले ते भावामुळे. त्याला पस्तिशीतच शर्टाची बटणे लावता येईनात. सही इतकी बदलली की चेक परत आला. एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसला आणि जनुकीय तपासणीत एससीए-२ हा अटॅक्सियाचा आनुवंशिक प्रकार निघाला. पाण्याचा पेला उचलताना हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, हा ताळमेळ लहान मेंदू राखतो. तोच झिजत गेल्यावर हातापायांत जोर असूनही पेला तोंडापर्यंत पोचेतो निम्मा सांडतो. या आजारात एका जनुकातला सीएजी हा तीन अक्षरांचा तुकडा, जो बहुतेकांत २२ वेळा येतो, तो ३३ किंवा त्याहून जास्त वेळा येतो. पुढच्या पिढीत ही संख्या वाढू शकते, मग आजारही लवकर गाठतो. वडिलांना पन्नाशीनंतर आणि भावाला पस्तिशीत का, याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. माझी तपासणी मी अजून केलेली नाही.

गेल्या वर्षी रात्रीच्या एका बसमधून वाहकाने भावाला मधल्या थांब्यावर उतरवले. ‘पिऊन गाडीत चढायचं नाही,’ एवढेच कारण. त्याने खुलासा करायचा प्रयत्न केला, पण घाबरला की त्याची जीभ आणखी अडखळते. त्यामुळे संशय वाढलाच. आता तो डॉक्टरांचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवतो.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो, तेव्हा तपासणाऱ्यांनी त्याला हात दाबायला सांगितले, पायाने रेटायला सांगितले. ‘ताकद चांगली आहे की!’ म्हणून टक्केवारी ४० च्या खाली बसवली. सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. ताकद आहे हे आम्हीही सांगत होतो. त्याला दोन पावले सरळ रेषेत चालायला सांगा, नाकाला बोट लावायला सांगा, एवढीच आमची विनवणी होती. अटॅक्सिया मोजण्यासाठी ‘सारा’ नावाची ४० गुणांची पद्धत जगभर वापरतात. तिच्यात चालणे, उभे राहणे, बसणे, बोलणे, बोटांचा नेम असे आठ भाग असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अटॅक्सियाचे नाही. ते घालावे, आणि तोपर्यंत किमान प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळांनी तोल आणि ताळमेळ तपासूनच टक्केवारी द्यावी, ही माझी सरकारकडे मागणी आहे.

घरच्यांनाही एक सांगायचे आहे. अशा चालीचा माणूस घरात असेल तर लपवू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ब-१२ किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, फिटच्या काही गोळ्यांचा जास्त डोस यांनीही तोल जातो आणि त्यावर इलाज आहे. अचानक तोल गेला तर पक्षाघात असू शकतो, तेव्हा क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. एससीए-२ बरा करणारे औषध आज नाही. पण नियमित फिजिओथेरपीने भाऊ अजून स्वतःच्या पायांवर अंगणापर्यंत जातो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवल्यापासून पडणेही कमी झाले.

वाहक बंधूंना हात जोडून विनंती, असा प्रवासी चढला तर तो सीटवर बसेपर्यंत डबल बेल देऊ नका.

आपली,
एक वाचक भगिनी