तुझ्या आमटीचं दुखणं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तीन पानांतली अडीच पानं आमटीवर! डाळ खाली बसते, पाणी वर तरंगतं, हळद कच्ची लागते आणि डब्यातला प्रत्येक मसाला घालूनही चव म्हणून येत नाही, अशी तुझी तक्रार. वाचून आधी हसलो, मग जरा ओशाळलो. कारण हे सगळं मीही करून बसलोय, आणि माझी फजिती तर चारचौघांत झाली.

त्या दिवशी मंडळी जेवायला यायची होती. वेळ वाचावा म्हणून मी अख्खा मसूर, चिरलेले टोमॅटो आणि चिंचेचा कोळ एकदमच पातेल्यात ढकलला. अर्धा तास झाला, पाऊण झाला, दाणा आपला कडकच. पाणी घाल, उकळ, पुन्हा पाणी घाल. दारावरची बेल वाजली तेव्हा मी एक दाणा पळीने ओट्यावर दाबून बघत होतो. तो दबला तर नाहीच, सटकून थेट गॅसच्या शेगडीखाली गेला. शेवटी रस्सा गाळून वाढला. 'सार छान झालंय,' म्हणाले बिचारे.

दोष मसुराचा नव्हता. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन नुसत्या गरम पाण्यात हळूहळू सैल होतं, पण पाणी आंबट असलं की ते घट्टच राहतं. म्हणून टोमॅटो, चिंच, आमसूल, जे काय आंबट असेल ते डाळ मऊ झाल्यावर. माझं तर आता ठाम मत झालंय की आमटी मसाल्यामुळे फारशी बिघडत नाही, कशानंतर काय घातलं यामुळे बिघडते.

तू मसुराची डाळ घे, अख्खा मसूर पुढे कधीतरी. एक वाटी डाळ दोन-तीनदा धुऊन तीन वाट्या पाण्यात नुसतीच शिजायला ठेव. वर फेस येईल, तो पळीने काढ, नाहीतर उतू जाऊन शेगडी माखेल. थेंबभर तेल घातलंस तर फेस आवरतो. वीस-पंचवीस मिनिटांत डाळीचा केशरी रंग जाऊन ती पिवळसर होते. कुकर असेल तर काम आणखी लवकर, कारण आतल्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. आणि आता तुझ्या 'डाळ खाली, पाणी वर'चं उत्तर: तू ती घोटत नाहीस, लेका! गरम असतानाच रवीने घोट. डाळ पाण्यात मिळून आली पाहिजे.

आता फोडणी. इथे घाई केलीस तर माझ्याशी गाठ आहे. तेल दोन चमचे, हात आखडू नकोस. तापलं की नाही ते बघायला मोहरीचा एकच दाणा टाक. नुसता पडून राहिला तर थांब, लगेच तडतडला तर बाकीची मोहरी घाल आणि झाकण अर्धवट धर. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, म्हणून ही उडवाउडवी. आवाज कमी होत आला की जिरं, मग हिंग. डबीत नाक मुरडायला लावणारा हिंग गरम तेलात पडला की लसूण परतल्यासारखा वास सुटतो. कढीपत्ता मात्र पुसून घाल. ओला घातलास की तेल हातावर उडतं, मी खूण बाळगून आहे. मग बारीक चिरलेला कांदा. तू तीन मिनिटांत कंटाळशील, पण त्याला दहा तरी दे, कडा तांबूस होऊ देत. त्यावर आलं-लसूण, कच्चा वास जाईपर्यंत.

मग गॅस बारीक करून हळद, तिखट, धणे-जिरे पूड. जळायला लागलं तर चमचाभर पाणी शिंपड. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. तू हळद उकळत्या आमटीवर वरून भुरभुरलीस, मग ती कच्ची लागणार नाही तर काय? आता टोमॅटो, कडेने तेल सुटेपर्यंत. नंतर घोटलेली डाळ, मीठ आणि लागेल तसं गरम पाणी. थंड पाणी ओतून उकळी मोडू नकोस. दहा मिनिटं मंद आचेवर खदखदू दे. मला गुळाचा खडा लागतो, तुला नको असेल तर राहू दे. खाली उतरवल्यावर कोथिंबीर आणि लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, शिवाय वासही ताजा राहतो.

उरलीच तर दुसऱ्या दिवशी ती पिठल्यासारखी घट्ट झालेली दिसेल. घाबरू नकोस, आधणाचं पाणी घालून सैल कर, मिठाची चव बघ.

कशी झाली ते कळव. आणि खरं कळव.

तुझाच,
सारवाला

ता. क. लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा घालायचं मनात येईल. मीही पुढच्या खेपेला घातला होता. दाणे शिजले खरे, पण आमटीला साबणाची चव आली, आणि त्या दिवशी गाळून वाढण्यासारखंही काही उरलं नव्हतं.