वैमानिकांच्या करारातले पगारापलीकडचे कलम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील विमान कंपन्या आणि त्यांचे वैमानिक यांच्यातील करारांच्या बातम्या आपल्याकडे छापून येतात तेव्हा मथळा बहुधा पगाराचा असतो. २०२३ मध्ये डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी चार वर्षांसाठी ३० टक्क्यांहून अधिक वाढ पदरात पाडून घेतली, तेव्हाही वाचकांपर्यंत पोहोचला तो टक्काच. परंतु तिकडच्या संघटना गेली तीसेक वर्षे ज्या कलमासाठी सर्वांत चिवटपणे भांडत आल्या आहेत, ते कलम पगाराचे नाही. कंपनीच्या नावाने होणारे उड्डाण कोणाच्या वैमानिकांनी करायचे, हे ते कलम ठरवते आणि तिकडे त्याला ‘स्कोप’ म्हणतात. मी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेत वीसएक वर्षे काम केले आहे आणि माझी मुलगी आयोवा राज्यात राहते. या दोन्ही कारणांमुळे हा विषय मला परका वाटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या खेपेस मुलीकडे जाताना शिकागोहून सीडर रॅपिड्सला जाणारे विमान घेतले. तिकीट एका मोठ्या कंपनीचे होते, विमानाच्या शेपटीवर रंग तिचेच होते आणि उद्घोषणेतही तिचेच नाव घेतले गेले. बोर्डिंग पासच्या तळाशी बारीक अक्षरांत मात्र भलत्याच कंपनीचे नाव होते, जे मी चष्मा पुसून दोनदा वाचले. विमान ५० आसनांचे होते. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी आसने, मधल्या वाटेने उंच माणसाने मान वाकवूनच जायचे आणि हातातली बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही म्हणून दारातच चिठ्ठी लावून ठेवून घेतलेली. हेच एम्ब्राएर १४५ विमान मी कोल्हापूरहून मुंबईला जाताना स्टार एअरमध्ये पाहिले होते, पण तिथे तिकिटावरचे नाव आणि विमान चालवणाऱ्या कंपनीचे नाव एकच होते. माझ्या शेजारी गणवेशातला एक तरुण सहवैमानिक बसला होता, घरी निघालेला. त्याची ड्यूटी शिकागोहून सुरू होत असे आणि आदल्या रात्री तो इतर वैमानिकांबरोबर भाड्याने घेतलेल्या एका खोलीत झोपत असे. ‘या विमानावर ज्यांचे नाव आहे, त्यांच्या यादीत माझे नाव नाही,’ असे तो म्हणाला. ती यादी म्हणजे ज्येष्ठता यादी. विमान, मार्ग, सुट्टी, पगार, सगळे तिच्यावर ठरते आणि कंपनी बदलली की वैमानिक, कितीही अनुभवी असला तरी, पुन्हा तळापासून सुरुवात करतो.

ही व्यवस्था अशी चालते. मोठी कंपनी तिकिटे विकते, वेळापत्रक ठरवते, भाडे ठरवते. लहान मार्गांवरचे उड्डाण मात्र ती प्रादेशिक कंपनीला ठरलेल्या दराने देते आणि ती कंपनी वैमानिक व सेवकवर्ग पुरवते. प्रादेशिक कंपनी जुनी झाली, तिचे लोक ज्येष्ठ होऊन महाग झाले, की तेच काम अधिक स्वस्त बोली लावणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे वळवता येते. कंत्राटी पद्धतीचा अनुभव असलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा प्रश्न मुळात उद्भवला तो जेटमुळे. जुन्या करारांत पंख्याची (प्रॉपेलरची) लहान विमाने बाहेरच्यांना चालवू देण्यास वैमानिकांची फारशी हरकत नव्हती, कारण ती विमाने आपली जागा घेतील असे कोणालाच वाटले नव्हते. १९९० च्या दशकात बॉम्बार्डियर आणि एम्ब्राएर या विमान बनवणाऱ्या कंपन्यांची ५० आसनी जेट विमाने आली आणि पाहता पाहता मोठ्या विमानांच्या मार्गांवर उडू लागली. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या नेत्यांनी केलेला करार सभासदांनी १९९७ च्या जानेवारीत फेटाळला, त्यामागे ही जेट विमाने अमेरिकन ईगल या उपकंपनीचे वैमानिक चालवणार की आपण, हाच वाद होता. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्री संप सुरू झाला आणि काही मिनिटांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आपत्कालीन मंडळ नेमून तो थांबवला. तिथे विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे. त्यानुसार कराराची मुदत सरली तरी जुन्या अटी चालूच राहतात आणि सरकारी मध्यस्थाने वाटाघाटींतून मोकळे केल्याशिवाय, त्यानंतरचे ३० दिवस थांबल्याशिवाय संपावर जाता येत नाही. अखेर जी तडजोड झाली तीत ही जेट विमाने ईगलकडेच गेली, फक्त त्यांच्या संख्येला मर्यादा आली.

११ सप्टेंबर २००१ नंतर त्या मर्यादाही सैल होत गेल्या. यूएस एअरवेज आणि युनायटेड २००२ मध्ये, तर डेल्टा व नॉर्थवेस्ट २००५ मध्ये एकाच दिवशी दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेल्या. त्या काळात वैमानिकांनी पगाराचा काही भाग सोडला, काहींची निवृत्तिवेतनेही गेली आणि त्यांबरोबर स्कोपही ढिला झाला. ५० आसनांची मर्यादा ७० वर आणि पुढे ७६ वर गेली. आज डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या तिन्ही कंपन्यांत ती ७६ आसने आणि ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन कमाल वजन, येथे येऊन थांबली आहे.

कागदावरच्या या दोन आकड्यांनी विमानांचे कारखानेदेखील हलवले आहेत. एम्ब्राएर १७५ मध्ये ८८ पर्यंत आसने बसू शकतात, पण अमेरिकेत तिच्यात फार तर ७६ बसवली जातात. त्याच विमानाची नवी, कमी इंधन पिणारी आवृत्ती तयार झाली, परंतु ती वजनाच्या मर्यादेत बसत नसल्याने कंपनीने तिचे काम थांबवून ठेवले. जपानच्या मित्सुबिशीने स्पेसजेट या लहान प्रवासी जेटचा प्रकल्प २०२३ मध्ये गुंडाळला, त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण हेच होते की, अमेरिकेतले वैमानिक वजनाची अट सैल करतील ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. म्हणजे इंधनाची बचत होऊ शकणारी विमाने या कलमामुळे अडली, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. सीडर रॅपिड्ससारख्या गावाला दिवसातून पाच वेळा १५० आसनी विमान भरणार नाही, हे कंपन्यांचे म्हणणेही बरोबर आहे. वैमानिकांचे उत्तर मात्र मला अधिक पटते: लहान विमान जरूर उडवा, पण ते आमच्या यादीतल्या माणसाकडून उडवा. शिवाय स्वस्त कंत्राटाने गावांची सेवा टिकतेच असेही नाही. २०२२ च्या मार्च महिन्यात वैमानिक मिळेनासे झाल्यावर स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने सरकारी अनुदानाच्या २९ लहान गावांतून सेवा काढून घेण्याची परवानगी मागितली होती.

कॉमएअरची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. डेल्टाच्या मालकीच्या या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप करून बरा करार मिळवला. त्यानंतर काम हळूहळू इतरांकडे गेले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी बंद झाली. ज्यांनी तिथे पंधरा-वीस वर्षे काढली, त्यांना दुसरीकडे जाऊन यादीच्या तळाशी नाव लिहावे लागले.

या साऱ्याचा दोष एकट्या व्यवस्थापनांवर टाकता येणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. स्कोप अनेकदा संघटनांनीच टेबलावर ठेवून विकला. विकणारे ज्येष्ठ वैमानिक होते, त्याबदल्यात त्यांनी स्वतःच्या पगाराची घसरण थोपवली आणि किंमत मोजली ती अजून संघटनेत न आलेल्या तरुणांनी. हे मी वरून पाहून बोलत नाही. आमच्या बँकेत शिपाई आणि सुरक्षारक्षकांची भरती थांबवून ते काम एजन्सीला देण्याचा प्रस्ताव आला, त्या बैठकीत मी होतो. भत्त्यांच्या मागण्या मान्य होत होत्या, रात्रीचे दोन वाजले होते आणि ‘जे आज नोकरीत आहेत, त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही ना?’ एवढेच आम्ही विचारले. आमच्या शाखेत पुढे जो रक्षक आला, तो आमच्याच दारात बारा तास उभा राहायचा आणि आमच्या चहाच्या वेळी बाहेर थांबायचा. आमच्या संघटनेचा सभासद होण्याचा हक्क त्याला नव्हता. त्या रात्री केलेल्या सहीचे मला आजही वाईट वाटते.

प्रवाशाचा याच्याशी संबंध काय, याचे उत्तर अमेरिकेने मोठी किंमत देऊन शोधले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोला जाणारे, कॉन्टिनेंटलच्या नावाने पण कोलगन एअरने चालवलेले विमान कोसळून ५० माणसे गेली. ते जेट नव्हते, पंख्याचे विमान होते आणि चौकशीत मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरले. परंतु त्याच चौकशीत हेही समोर आले की, सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानाने मेम्फिसमार्गे नेवार्कला पोहोचली होती. मृतांच्या नातेवाइकांनी नेट लावून धरल्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला. सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाची अट आली, विश्रांतीचे नियम कडक झाले आणि प्रत्यक्ष उड्डाण कोणती कंपनी करणार हे तिकीट विकतानाच सांगणे बंधनकारक झाले. माझ्या बोर्डिंग पासवरही त्याच माहितीची एक ओळ होती.

आपल्याकडे वैमानिकांसह विमान भाड्याने घेण्याची पद्धत आलेली आहे. इंडिगोने टर्किश एअरलाइन्सकडून अशा रीतीने घेतलेल्या बोइंग ७७७ विमानांवरून २०२५ मध्ये मोठा वाद झाला, पण चर्चा मुख्यतः तुर्कस्तानशी असलेल्या संबंधांची झाली. ते उड्डाण कोणाच्या यादीतले वैमानिक करत आहेत, यावर मराठी वृत्तपत्रांत माझ्या वाचनात फारसे काही आले नाही. आपल्या प्रतिनिधींनी यापुढे कोणत्याही विमान कंपनीच्या वेतनकराराची बातमी देताना टक्क्याच्या जोडीला एवढे जरूर विचारावे की, किती उड्डाणे बाहेर दिली जात आहेत, ती चालवणाऱ्या वैमानिकांना त्या करारात जागा आहे का आणि कराराच्या मसुद्यावर मत देण्याचा अधिकार कोणाकोणाला होता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर